तामारिंदो कुणाच्या दारी?

आत्लिस्को,
८ ऑक्टोबर

लाडक्या रेमेदिओसला ताईचा गोड पापा.

इकडे सगळं ठीक. झेंडूची शेतं फुलली आहेत, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. माझा गुडघा तसाच कुरकुरतो. तुझ्या कुंड्यांना रोज पाणी घालते. तिहुआनात लेकीकडे तू मजेत असशील, नातवाला दात आले असतील. फोनवर आपलं बोलणं भांडणाशिवाय संपत नाही, म्हणून लिहितेय.

मागच्या वेळी तू तामारिंदोचं विचारलंस आणि मी "बरा आहे" म्हणून फोन ठेवला. बरा नव्हता गं. त्या फोनच्या आधीच गेला होता. आता रडून घे, मग पुढे वाच.

म्हातारा झाला होता, झोपेतच गेला, हाल झाले नाहीत. पण कुठे गेला ते विचार! माझ्या घरात त्याच्यासाठी मऊ गोधडी अंथरलेली, आणि प्राण सोडला तुझ्या बंद दाराच्या पायरीवर. शेजारची तिम्ना म्हणाली, "खायला थोरलीकडे, मरायला धाकटीकडे! कुत्रा कसला, जावईच तो तुमचा." अख्खी गल्ली हसली. मीही हसले, आणि घरात येऊन पातेलं आपटलं.

कालव्यातून त्याला बाहेर कुणी काढलं? मी. कमरेएवढ्या घाण पाण्यात उतरून. खरजेवर औषध मी चोळलं, कोंबडीच्या माना मी उकडल्या, चिंचेच्या रंगाचा म्हणून नावसुद्धा मीच ठेवलं. तू काय केलंस? दुपारी पायरीवर बसून त्याच्याशी गप्पा मारल्यास! तेवढ्यावर तो बेइमान तुझ्या पायाशी लोळायला लागला. बाबांचंही तेच. बाजारातून आले की आधी हाक तुला, मग पिशवी माझ्या हातात.

तू गेलीस त्या दिवशी त्याने तुझ्या पायरीवरच्या निळ्या जोडातली एक चप्पल उचलून आणली; दुसरी तू तशीच सोबत नेलीस. माझ्या घरात, माझ्या पलंगाखाली, तुझी चप्पल उशाला घेऊन झोपायचा मेला! आणि दुपार झाली की तुझ्या दारात. मी हाका मारायची. तो कान हलवायचा, उठायचा नाही. जळफळाट व्हायचा माझा.

आता सत्तावीस तारीख येतेय, मुक्या जिवांचे आत्मे घरी यायचा दिवस. मी सगळं ठरवलंय. त्याचा फोटो, वाडग्यात पाणी, धूप, उकडलेल्या माना. गल्लीच्या कोपऱ्यापासून माझ्या दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. तुझ्या दाराकडे एक पाकळी जाऊ द्यायची नाही. मेल्यावर तरी माझ्याकडे ये म्हणावं!

पण गेलेल्याची लाडकी वस्तू मांडावी लागते, नाहीतर तो येत नाही. त्याची लाडकी वस्तू कोणती, ते तुला सांगायला नको. मी ती ट्रंकेत तळाशी घालून कुलूप लावलं होतं.

काल दुपारी काढली. म्हटलं, बघू तरी काय ठेवलंय त्या पायरीवर. तिथे जाऊन चप्पल मांडीवर घेऊन बसले. बराच वेळ बसले. तिम्ना जाता जाता म्हणाली, "आता तू पण का गं?" एरवी मी तिला सोडलं नसतं, काल जाऊ दिलं.

तुझा हेवा मला जन्मभर वाटत आला, ते तुला ठाऊक आहे. पण त्या कुत्र्याचाही वाटायचा, रेमे. तो सगळ्यांदेखत तुझी वाट बघायचा, त्याला कुणाची लाज नव्हती. मला कुंड्यांना पाणी घालायचं निमित्त लागायचं.

तर चप्पल मी मांडणार आहे. पण माझ्याच घरात! तेवढा हट्ट सोडलेला नाही. तो येईल, चप्पल हुंगेल आणि घरभर तुला शोधेल. तू दिसली नाहीस तर परत त्या पायरीवर जाऊन बसेल, आणि मला ते पुन्हा बघवणार नाही. म्हणून सत्तावीसच्या आत ये. त्याच्यासाठी म्हणतेय हं, उगाच शेफारू नकोस. येताना जोडीची दुसरी चप्पल आण.

आणि तुझ्या कुंड्यांतल्या जिरेनियमला रोज पाणी लागत नाही, हे मलाही कळतं.

तरीही रोज घालणारी,
तुझी ताई
एदुविहेस