नको म्हटलं की दार लावणारा म्हातारा

राहाता,
दि. १२ सप्टेंबर १९९८

आदरणीय पुष्पावती आत्यास,
अंगदचा सविनय जयभीम.

पत्रास कारण की, कारण असं विशेष काही नाही. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा तुम्ही सांगितलेल्या शेकानं बरा आहे, म्हणजे दुखतो तेवढाच, पण आता तुम्ही सांगितलेलं केल्याचं समाधान आहे. तुमचं पोस्टकार्ड परवा मिळालं. तुम्ही तीस वर्षं दवाखान्यात नर्स होतात, त्यामुळे तुमचं पत्र खाटेला लावलेल्या कागदासारखं असतं, हे आम्हाला माहीत आहे, तरी यावेळचं जरा जास्तच झालं. 'पाऊस बरा. बीपी दीडशे-नव्वद. २७ ला, रविवारी, कोपरगावचे लोक वृषालीला बघायला येणार. कळावे.' वाचून फार आनंद झाला. (पावसाचा.)

मे महिन्यात आई आणि मी राजूरला आलो असताना जे झालं, त्याच्याशी या पत्राचा काहीएक संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मला ते नीटसं आठवतही नाही. सोमवार होता, साडेदहा वाजले होते, तुम्ही पडवीत तांदूळ निवडत होता, आई शेजारी होती, तुमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या वृषालीबाई शाळेत विज्ञानाचा ज्यादा तास घ्यायला गेल्या होत्या, आणि तुम्ही सुपातून मान वर न करता मला विचारलंत, 'अंगद, आमच्या वृषालीशी लग्न करतोस का?' धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, असं विचारावं तसं. मी म्हणालो, 'नको नको, कशाला.' तुम्ही म्हणालात, 'बरं.' आणि भात लावायला आत गेलात. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. त्यानंतर तो विषय पुन्हा कधीच निघाला नाही. एवढंच झालं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. मी ज्या क्लासमध्ये शिकवतो, तो तुम्हाला माहीत आहे : खाली खतांचं दुकान, वर आमचे दोन कॉम्प्युटर, बाहेर चपला काढायच्या, आत पाय धुऊन यायचं. मालक रंगनाथराव रोज सकाळी दोन्ही पडद्यांना उदबत्ती ओवाळतात. त्यातला दुसरा कॉम्प्युटर पुण्याहून जुना घेतलेला आहे, आणि त्याच्या पोटात आधीच्या मालकाचा एक खेळ राहून गेलेला आहे. दुपारी दोन ते चार राहात्यात कुणालाच काही शिकायचं नसतं. त्या वेळात मी तो खेळ उघडला. निव्वळ यंत्र चालू राहावं म्हणून.

आत्या, हा खेळ चेंडूफळीसारखा नाही. ही एक लांबलचक गोष्ट आहे, आणि तिच्यातला मुख्य माणूस आपण असतो. एक राज्य आहे, डोंगरात एक राक्षस आहे, आणि त्याला मारायला आपण गावोगाव फिरायचं. वाटेत माणसं भेटतात, काहीबाही विचारतात, आणि खाली दोन-तीन उत्तरं लिहून येतात. आपण त्यातलं एक निवडायचं. जे निवडू, तशी पुढची गोष्ट वळते. सगळं इंग्रजीत. मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसत असे, आणि राक्षसाच्या एकेका धमकीचा अर्थ लागेपर्यंत तो बिचारा तोंड उघडून उभा असे.

पहिल्याच गावात एक म्हातारा शिपाई भेटला. झोपडीत राहणारा, एक डोळा गेलेला. तो म्हणाला, माझी तलवार घे, मला आता हिचा उपयोग नाही. खाली उत्तरं आली : पहिलं, 'घेतो.' दुसरं, 'नको, मी कशी घेऊ?' आता तुम्हीच सांगा, कुणी आपल्या घरातली एकुलती एक वस्तू देऊ केली, तर पहिल्या फटक्यात 'घेतो' कोण म्हणेल? आपल्या घरात तर असलं वळण नाही. मी दुसरं निवडलं. म्हटलं, आता तो 'घ्या हो, लाजता काय' म्हणेल, मी 'अहो, राहू द्या' म्हणेन, तो तिसऱ्यांदा म्हणेल आणि मग मी घेईन. तर तो म्हातारा म्हणाला, 'जशी तुझी मर्जी.' आणि त्यानं दार लावून घेतलं! मी पाच मिनिटं दारातच उभा राहिलो. मग दार वाजवलं. ते उघडलं नाही. मग मी त्याच्या झोपडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. काही उपयोग झाला नाही. हातात काठी घेऊन राक्षसाच्या डोंगराकडे निघालो.

पुढे हेच. खानावळवालीनं गरम जेवण वाढलं, मी म्हटलं, आत्ताच जेवून निघालोय. तिनं ताट उचललं. (इथे मला तुमची आठवण झाली. रागावू नका, पण आपल्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे की तुम्ही एकदाच विचारता. 'भाकरी?' कुणी 'पुरे' म्हटलं की तुम्ही टोपली उचलून आत नेता. बापू तुमचे सख्खे भाऊ, पण तेही तुमच्याकडे आले की निघताना राजूरच्या स्टँडवर उभे राहून भेळ खायचे, ते त्याचमुळे. तुमच्याकडे यायचं म्हणजे आम्ही घरून जेवून निघतो.) तर खानावळीतून उपाशी निघालो आणि जंगलात एक मुलगी भेटली. धनुष्यवाली. तिचं नाव मला उच्चारता येत नाही. डोळे फार हुशार. ती म्हणाली, वाट अवघड आहे, मी तुझ्यासोबत येऊ का? आणि मी, तुमचा भाचा, म्हणालो, 'नको, तुम्हाला कशाला त्रास.'

ती गेली. राक्षसानं मला एका फुंकरीत मारलं. शेवटी पडद्यावर अक्षरं आली, त्यांचा अर्थ असा : 'त्याने सगळ्यांना नकार दिला. धनुष्यवालीचं लग्न पुढे एका जाड्या सरदाराशी झालं.' हे सांगायची काय गरज होती, मला कळलं नाही. त्या दिवशी मी नीट जेवलो नाही. आईनं विचारलं. मी म्हटलं, नको. आईनं वाढलं. आई ती आई.

दुसऱ्या दिवशी खेळ पहिल्यापासून सुरू केला, आणि ठरवलं की आता कुणालाही नको म्हणायचं नाही. तलवार घेतली. जेवण घेतलं, दोनदा वाढून. एका चेटकिणीनं माझी सावली मागितली, दिली. एका माणसानं त्याची शेळी सांभाळायला दिली, तिला घेऊन सगळ्या लढाया लढलो. आणि जंगलात पोहोचण्याआधीच राक्षसाचा दूत आला नि म्हणाला, आमच्याकडे चाकरीला येतोस का? आता एवढ्या लांबून तो आलेला, दमलेला. मला 'नाही' म्हणवेना. हो म्हटलं. आत्या, लिहायला लाज वाटते, पण मी राक्षसाचा दिवाणजी झालो, आणि पहिलंच काम मिळालं ते त्या धनुष्यवालीचं गाव जाळायचं. त्यालाही मी हो म्हटलं. एकदा ठरवलेलं मोडायचं कसं? त्या शेळीनंसुद्धा माझ्याकडे पाठ फिरवली.

इथे गोजरबाईंची ओळख करून द्यायला हवी. या रंगनाथरावांच्या मातोश्री, वय ऐंशीच्या पुढे. आमच्या खोलीत यंत्रांसाठी एसी लावलेला आहे, तो मुळात यांच्यासाठीच लावलाय असं त्यांचं मत आहे. त्या रोज दुपारी येतात, माझ्यामागे चटई टाकतात आणि झोपतात. निदान मी तसं समजत होतो. गाव जळत असताना मागून आवाज आला, 'आरं, पोरीचं घर जाळलंस व्हय? लई अकलेचा हायेस.' त्या पहिल्या दिवसापासून सगळं बघत होत्या. अक्षर ओळखत नाहीत, इंग्रजी तर दूरच, पण सगळी गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळली होती. म्हातारा तलवार देत होता तेव्हाच त्या मनात म्हणाल्या होत्या, 'घे की मेल्या, द्यायला लागलाय न्हवं!'

तिसऱ्यांदा आम्ही दोघांनी मिळून खेळ मांडला. तलवार घेतली, शेळी नाकारली, दूताला हाकललं. (गोजरबाईंनी त्याला प्रत्यक्ष शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.) सगळं उत्तम चाललं होतं. जंगल आलं. धनुष्यवाली म्हणाली, येऊ का? आणि आत्या, खरं सांगतो, माझं बोट आपोआप 'नको'वर पडलं. सत्तावीस वर्षांची सवय. ती झाडांत दिसेनाशी झाली. मी कपाळाला हात लावून बसलो. म्हटलं, आता ती परत विचारणार नाही. तर गोजरबाई म्हणाल्या, 'ती कशाला इचारंल? तिला काय गरज पडलीया? तू जाऊन इचार की. पाय मोडल्यात का तुजं?'

हे मला सुचलंच नव्हतं. मी जंगलात परत गेलो. ती होती. झाडाखाली बसून बाण घासत होती. मी समोर उभा राहिलो आणि खाली तीन उत्तरं आली : पहिलं, 'राक्षसाला मारायला मदत हवी आहे.' दुसरं, 'मी वाट चुकलो.' तिसरं, 'त्या दिवशी माझं चुकलं. तू सोबत ये.' गोजरबाईंना मी तिन्ही वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, 'तिसरं.' मी म्हणालो, 'हो, तिसरंच.' आणि दुसरं दाबलं. मला कसंतरी झालं हो. तिसरं एकदम कसं म्हणायचं? तिनं मला अगदी नीट वाट दाखवली. सरळ जा, मग डावीकडे वळ. गोजरबाई चटई गुंडाळून घरी गेल्या आणि दोन दिवस एसीत आल्या नाहीत.

काल त्या आल्या. मी पुन्हा त्या झाडाखाली गेलो. (एवढं बरं की या खेळात कुठलीही जागा सेव्ह करून ठेवता येते आणि मागे जाता येतं. मे महिन्यात वृषालीबाईंनी मला पडवीत विचारलं होतं की कॉम्प्युटर शिकायला किती दिवस लागतात, आणि मी तासभर बोलत बसलो होतो. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'मग त्यात चुकलं, तर मागं जाता येतं?' मी मोठ्या ऐटीत म्हणालो, 'केव्हाही.' त्या हसल्या. तेव्हापासून, आत्या, मला ते हसणं सारखं आठवतं. पावसात, बसमध्ये, विद्यार्थ्यांसमोर. पण ते असो.) मी डोळे मिटून तिसरं उत्तर दाबलं. धनुष्यवालीनं बाण खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, बोलायला तोंड उघडलं, आणि वीज गेली.

वीज गेली तर आधार म्हणून बॅटरीची पेटी आहे आमच्याकडे. पण तिच्यावर रंगनाथरावांनी खालच्या दुकानातला पंखा जोडलेला आहे. वीज आली तेव्हा यंत्र सुरूच होईना. आतली तबकडी गेली असं नाशिकचा माणूस म्हणतो. सेव्ह केलेलं सगळं गेलं. तलवार, म्हातारा, जंगल, ती काय बोलणार होती ते. मी आणि गोजरबाई बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसलो होतो. 'बोलली आसती ती,' त्या म्हणाल्या. 'तोंड उघडलं हुतं.'

तर असा हा सगळा प्रकार. पत्र लांबलं. तब्येतीला जपा, मीठ कमी खा. वरचा आकडा उतरल्याचं कळवा.

तुमचा,
अंगद

ता. क. : मे महिन्यात माझी छत्री तुमच्याकडे राहिली आहे. ती घ्यायला मी सत्तावीस तारखेच्या आधी कधीतरी राजूरला येईन म्हणतो.

ता. क. २ : छत्री इथेच आहे. दाराच्या मागे टांगलेली, समोर दिसतेय. वरचं 'मी वाट चुकलो'सारखं झालं.

ता. क. ३ : त्या दिवशी माझं चुकलं, आत्या. मला 'हो' म्हणायचं होतं. मला वाटलं, तुम्ही परत विचाराल. तुम्ही भात लावला. तिसऱ्या शिट्टीपर्यंत मी वाट बघत होतो. कृपा करून परत एकदा विचारा. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणेन.

ता. क. ४ : गोजरबाईंनी पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. म्हणाल्या, 'म्हातारीला कशाला इचारतूस? पोरीला इचार.' म्हणून या पाकिटात दुसरं छोटं पाकीट घातलं आहे. त्यावर वृषालीबाईंचं नाव आहे. आत एकच ओळ आहे, राक्षस कुठेही नाही. ते त्यांच्या हातात द्या. नाही म्हणाल्या, तर मी एक अक्षर न बोलता कोपरगावकरांच्या पंगतीत वाढायला येईन. पण एक सांगतो. त्या फार चांगल्या वळणाच्या आहेत. तुम्ही पाकीट पुढे कराल, तेव्हा त्या बहुतेक म्हणतील, 'नको नको, कशाला.' तेव्हा आत्या, तुमच्या पाया पडतो, 'बरं' म्हणून आत जाऊ नका. उभ्या राहा. आणि आयुष्यात एकदाच, आणखी एकदा विचारा.