भरलेली वाटी

रविवार, संध्याकाळ. २००७

केबलवाल्याला सांगून नेट बंद केलं, त्याला आठवडा झाला. रोज डोळे दुखेस्तोवर चॅटिंग, कंटाळा आला होता. वाटलं, मी दिसले नाही की कोणीतरी विचारेल. विचारतंय कोण!

आज नारळाच्या वड्या केल्या. एकटीला जास्तच झाल्या. वाटी भरून समोरच्या रीटाबेनकडे गेले. चॅट रोजचं, पण दार दिवाळीनंतर आजच वाजवलं. वाटी मुद्दाम चांगली घेतली. भरून आलेली वाटी रिकामी पाठवायची नाही, ही रीत तिच्याकडेही आहे. म्हणजे दोन दिवसांनी वाटी घेऊन ती येणार, चहाला बसणार. एवढा विचार कशाला करत होते मी?

दार उघडून म्हणते, "अरे, तू इधर है? ऑनलाइन दिखती नहीं, मुझे लगा रत्नागिरी गई."

दारासमोर माझ्या चपला रोज असतात, त्या नाही दिसल्या बाईला!

आत कॉम्प्युटर टुणटुण वाजत होता. "एक मिनिट हां," म्हणत तिने घाईघाईत वड्या ताटलीत काढल्या आणि वाटी तिथल्या तिथे माझ्या हातात दिली. रिकामी.

आता ती कशाला येईल?