तीनशे तीन, तीनशे पस्तीस

काळाचौकी, मुंबई
१२ ऑगस्ट १९८५

प्रिय दादास,
सुमेधाचा सप्रेम जय भीम.

तुझा भिवंडीचा पत्ता काल रामदासकडून मिळाला. तो तुझ्याच कारखान्यात माग चालवतो म्हणे. आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण नळावर अजून तीच जाते. मी अजून हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्येच आहे.

माझं काम काय, ते तुला कधी सांगितलंच नाही. पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर माझ्या टेबलावर येतो. एका जाडजूड पुस्तकात बघून मी त्यावर आजाराचा नंबर घालते. मनाचे आजार एका भागात, मज्जासंस्थेचे त्याच्या पुढच्या भागात. दारूचं व्यसन म्हणजे तीनशे तीन. ते मनाच्या भागात येतं.

आबांचा पेपर मी तीनशे तीनमध्ये टाकला होता.

तू घर सोडून गेलास त्याच्या दुसऱ्याच महिन्यात आबा पुन्हा जिन्यात पडले, म्हणून त्यांना आमच्याकडे दाखल केलं. बोलणं जड झालं होतं, पाय अडखळत होते. डॉक्टरांनी विचारलं, "गिरणीतले ना? संपावर? पितात का?" आबांना काहीतरी सांगायचं होतं, पण जीभ वळेना. मीच म्हटलं, "हो."

दादा, मी त्यांना पिताना कधीच पाहिलं नव्हतं. पण संपात चाळीतले कितीतरी जण प्यायला लागले होते. आणि आबा जिन्यात पहिल्यांदा पडले तेव्हा तू सगळ्यांसमोर आपल्या बापाच्या थोबाडीत मारून म्हणालास, "घरात चूल पेटत नाही आणि तुम्ही झिंगून येता?" तेव्हा मला वाटलं, दादा उगाच हात उचलणार नाही.

डॉक्टरांनी माझं 'हो' केसपेपरवर उतरवलं.

पुढच्या वर्षी डॉक्टर पद्मजा नवीन आल्या. त्यांनी आबांचा शर्ट काढायला लावला. दंडाचं मांस आपोआप थरथरत होतं. "यांना दारुडा कोणी ठरवलं?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी आजार समजावला. स्नायू हलवणाऱ्या नसाच मरत जातात, असा हा आजार. नंबर तीनशे पस्तीस. औषध नाही. आधी कळलं असतं तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तरी हेच झालं असतं."

झालं असतं. पण वर्षभर चाळीत त्यांना कुणी बेवडा म्हटलं नसतं. आईने त्यांचे खिसे चाचपले नसते.

पुढे बोलणं पूर्ण गेलं. एकदा पेज भरवताना मी म्हटलं, "आबा, 'हो' मी म्हटलं होतं." त्यांनी डोळे मिटून घेतले. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

शुक्रवारी सकाळी आबा गेले. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, हात धजला नाही.

जलदान विधी रविवारी, अठरा तारखेला आहे. ये. तू मारलंस ते सगळ्या चाळीला ठाऊक आहे, माझं 'हो' कुणालाच नाही. ते मी त्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे. तेव्हा तू शेजारी असावास.

तुझी, हात न उचललेली बहीण,
सुमेधा