पाणी नसलेल्या बोडीतील बत्तीस झाडे न उपटणेबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगर परिषद, मोहटोली (बाजार), जि. भंडारा

विषय : जुन्या बाजारामागील मोकळ्या जागेतील मोहल्ल्याची बाग कायम ठेवणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस दि. २ मे १९८३.

महोदय,

मी तुलाराम सोमाजी हटवार, राहणार जुना बाजार, धंदा शिवणकाम, आपणांस कळवितो की या विषयावरचा हा माझा चौथा अर्ज आहे. आधीच्या तीन अर्जांत नम्रता पुष्कळ होती. या वेळी थोडी कमी पडल्यास माफी असावी.

आमच्या मोहल्ल्यामागे पूर्वी बोडी, म्हणजे लहान तळे होते. धानाच्या गिरणीची राख व गावचा कचरा पडून ते वीस वर्षांपूर्वीच बुजले. सन १९८१ मध्ये मोहल्ल्याने अकरा बैलबंड्या भरून घाण उचलून फेकली आणि करंज, कडुनिंब, चिंच मिळून बत्तीस झाडे लावली. आमच्या बाया दिवसभर अंधाऱ्या खोलीत बिड्या वळतात. आता दुपारनंतर त्या पाने-तंबाखूचे सूप घेऊन तेथे बसतात, म्हाताऱ्यांना मोकळी हवा मिळते. एवढाच आमचा गुन्हा.

ही बाग रीतसर व्हावी म्हणून मागील उन्हाळ्यात आम्ही परवानगी मागितली. आपले बाबू चौकशीस आले. ऊन फार होते, म्हणून जागेवर न जाता माझ्या दुकानात चहा घेऊन त्यांनी तेथेच पंचनामा लिहिला. मोहल्ल्यातील कुंताबाई व आणखी तीन बायांनी अंगठे लावले. बागेचा कागद आला असे आम्ही समजलो. मी सातवी पास आहे. पण साहेब लोकांसमोर कागद वाचत बसणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे, असे आमच्याकडे मानतात. म्हणून मीही न वाचता सही केली. त्यात जुन्या नोंदीवरून लिहिले होते की बोडीत छातीभर पाणी आहे.

तेव्हापासून ते पाणी काही आटत नाही. मार्चमध्ये आपण बोडी मासेमारीकरिता ठेक्याने दिली. ठेकेदार गोमाजी जाळे घेऊन आले, तासभर झाडाखाली बसले आणि मला म्हणाले, "भाऊ, जाळं कुठं टाकू, करंजावर काय?" आता नोटीस म्हणते की झाडांमुळे पाणीसाठा कमी होतो, सबब ती १५ मेच्या आत उपटावीत, नाहीतर आपली माणसे उपटतील. तोंडी सांगायला गेलो तर बाबू पंचनाम्यावरची माझीच सही मला दाखवितात. पाणी तुम्हीच पाहिले म्हणतात.

साहेब, मला राग येतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच येतो. कुंताबाईने रोज घरून पाणी नेऊन ही झाडे जगविली आहेत. नोटीस वाचून दाखविली तेव्हा ती म्हणाली, "बोडीत एवढं पाणी होतं तं मी दोन सालं घागरी कायले वाहिल्या?" तिला काय सांगावे ते आपणच कळवावे.

तरी १५ मेपूर्वी आपण स्वतः जागेवर येऊन नवा पंचनामा करावा. या वेळी कागद मी सर्वांसमोर मोठ्याने वाचीन, मगच कोणी अंगठा लावील. वाचून होईपर्यंत आपण करंजाखाली बसावे. सावली अजून दोन माणसांपुरतीच आहे. कुंताबाई सरकून जागा देईल.

आपला नम्र, यापुढे वाचूनच सही करणारा,
तुलाराम सोमाजी हटवार
दि. ७ मे १९८३

सोबत : १. नोटिशीची नक्कल.
२. सदर बोडीच्या तळाची माती, एक पुडी (कोरडी).