तुमचं जेवण लवकर उरकतं

प्रिय अहो,

मायना वाचून हसू नका. आजवर तुम्हाला नावाने हाक मारली नाही, आता या वयात कागदावर मारायला गेले तर माझं मलाच कसंतरी होईल. तेव्हा 'अहो' आहे तेच बरं. आणि 'प्रिय' लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलंय असं समजू नका, मनापासून लिहिलंय. एका छपराखाली राहणाऱ्या बाईने नवऱ्याला पत्र पाठवायचं म्हणजे नसते उद्योग, असं तुम्ही म्हणाल. पण मी बोलायला लागले की तुम्ही मान हलवता आणि डोक्यात उद्याच्या भाजीचा हिशेब मांडता, हे मला काय ठाऊक नाही? खानावळीत आलेला कागद मात्र तुम्ही वाचता, अगदी पुडी बांधून आलेलासुद्धा. म्हणून हे पत्र आपल्या शिंप्याबरोबर पाठवतेय. तो काय, घड्याळ चुकेल पण तुमच्याकडचं जेवण चुकवायचा नाही. रविवारी बेकरीवाल्याच्या हातात खानावळीच्या किल्ल्या द्यायच्या आधी हे वाचा. आणि बसून वाचा, उभ्या उभ्या नको.

परदेशातून आल्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, काय काय बघितलंत हो? मी सांगते, समुद्र बघितला, राजवाडा बघितला, पाण्याखालून जाणारी गाडी बघितली. चिमीने आणि जावईबापूंनी एवढ्या हौसेने नेलं, तर चार गोष्टी सांगायला नकोत? पण खरं सांगू, डोळे मिटले की मला राजवाडा दिसत नाही. दिसतात ती हॉटेलातली टेबलं. तुम्ही समोर बसलेले, आणि मी.

तिकडे जाताना मला कशाचं अप्रूप होतं ते तुम्हाला कधी कळलं नाही. विमानाचं नव्हतं. लग्न झाल्यापासून आपण समोरासमोर बसून जेवलो असे दिवस बोटांवर मोजता येतील. खानावळवाल्याच्या घरात हे असंच चालायचं, त्यात तुमचा दोष नाही. गिऱ्हाईक जेवल्याशिवाय मालकाने जेवायचं नाही, आणि मग जेवायचं तेही ओट्याशी उभं राहून, एक डोळा दाराकडे ठेवून. इकडे घरी मी आणि चिमी. चिमी सासरी गेली तशी मी आणि रेडिओ. अजूनही ताट घेतलं की आधी रेडिओ लावते. बातम्या असोत, शेतीची माहिती असो, नाहीतर कुणाचं व्याख्यान असो. कुणीतरी बोलतंय असं वाटलं की घास उतरतो. त्यामुळे चिमी म्हणाली, आई, तिकडे रोज दोन्ही वेळा बाहेरच जेवायचं, तेव्हा मला अगदी भरून आलं. बॅगेत साड्या कमी आणि मनात बोलायच्या गोष्टी जास्त, अशी मी निघाले होते. माझ्या बहिणीचं काय बिनसलंय ते सांगायचं होतं. रात्री झोप का लागत नाही तेही. आणि लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या घरी आले तेव्हा मला तुमची किती भीती वाटायची, तेसुद्धा. म्हटलं, निवांत सांगू.

पहिल्याच दिवशी त्या टेबलांवर पांढऱ्या चादरी घातलेल्या हॉटेलात गेलो, आठवतं? तुम्ही आधी दाराकडे तोंड करून बसायची जागा पकडलीत. मग चादर उचलून टेबल हलतंय का बघितलंत, आणि हलतंय म्हटल्यावर ग्लासाखालची कागदी चकती घडी करून पायाखाली सारलीत. जावईबापूंनी कपाळाला हात लावला. मला मात्र तेव्हा हसू आलं होतं. मग मेनू आला. जावईबापू वाचून दाखवत होते आणि तुम्ही पटापट सांगत होतात, आमच्या जावयांना तिखट सोसत नाही, चिमीला मशरूम चालत नाही, सूप आधी आणायला सांगा आणि गरम आणायला सांगा. मग माझी पाळी आली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, थांबलात, आणि म्हणालात, हिला काहीही चालतं. चिमी हसली, जावईबापू हसले. मीही हसले, नाही असं नाही.

अहो, पोस्टातल्या साहेबांना भात मऊ लागतो. शिंप्याला कांदा वेगळ्या वाटीत लागतो. कोपऱ्यातल्या त्या मास्तरांना सोमवारी मीठ कमी लागतं, कारण त्या दिवशी त्यांची बहीण फोन करून रक्तदाबाची आठवण करून देते. हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. आणि मला काहीही चालतं? मला नाही हो काहीही चालत. मला आंबट आवडतं. साय बघितली की मळमळतं. चहातली साखर मी केव्हाच सोडली. वांगं मी फक्त तुमच्यासाठी करते आणि स्वतः नुसता रस्सा घेते. हे मी त्या टेबलावर मोठ्याने सांगायला हवं होतं. पण जीभ उचललीच नाही, आणि जे आलं ते गुमान खाल्लं.

दुसरी गंमत म्हणजे तुमचं जेवण. आयुष्यभर उभ्याने खायची सवय, त्यामुळे ताट समोर आलं की तुमचं उरकतं. मी रुमाल मांडीवर पसरेपर्यंत तुम्ही हात पुसून मोकळे. त्यानंतर तुम्ही काय करणार? दाराकडे बघणार. कोण आलं, किती जण आले, त्यांना बसायला कोण सांगतंय. वेटर ताटं न्यायला उशीर करायला लागला की तुमचा पाय टेबलाखाली हलायला लागायचा. चिमी आणि जावईबापू आपसात बोलायचे, नाहीतर फोनमध्ये डोकं घालायचे. आणि मी तुमच्या रिकाम्या ताटासमोर एकटी चावत बसायची. घास घशाखाली जाईना, म्हणून पाण्याचे घोट घ्यायची. एकदा धीर करून बहिणीची गोष्ट काढली. तुम्ही म्हणालात, हं. मी पुढे सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं. त्या दिवशी शेजारच्या टेबलावर एक जोडपं भांडत होतं. भाषा कळत नव्हती, पण भांडण चांगलं दणदणीत होतं, जेवण निवेपर्यंत चाललं. खोटं नाही सांगत, मला त्या बाईचा हेवा वाटला.

आता त्या समुद्राजवळच्या हॉटेलाचं सांगते. तुम्हाला तो दिवस गमतीचा म्हणून आठवत असेल, मला तसा आठवत नाही. चिमी आणि जावईबापू वाळूत फिरायला गेले होते. म्हणजे पहिल्यांदाच आपण दोघंच. मी केसांवरून कंगवा फिरवून आले होते, तुमचं लक्ष नव्हतं म्हणा. हॉटेलात ही गर्दी, आणि वाढायला एकटी एक बाई. बिचारीची नुसती तारांबळ. तुमचं जेवण उरकलं, तुमचा पाय हलायला लागला, आणि मी काही म्हणायच्या आत तुम्ही उठून शेजारच्या दोन टेबलांवरची ताटं गोळा करून आत नेऊन दिलीत. परत येताना तिसऱ्या टेबलावरच्या माणसाने तुम्हाला वेटर समजून काहीतरी मागितलं, आणि तुम्ही शहाण्यासारखं मान डोलावून तेही आणून दिलंत! ती बाई आधी डोळे फाडून बघत राहिली, मग पोट धरून हसली. आतून मालक बाहेर आला. तुम्ही त्याला बोटांनी खूण केलीत की मीपण हेच करतो. झालं! त्याने तुमच्या पाठीत थाप मारली, तुम्ही त्याच्या. तुम्हाला त्याची भाषा येत नाही, त्याला तुमची, पण चुलीपाशी उभे राहून दोघं सख्खे भाऊ भेटल्यासारखे बोलत होतात.

तरी मी हसत होते. म्हटलं, करू दे मजा. पण मग तुम्ही त्या खिडकीजवळच्या म्हाताऱ्यापाशी थांबलात. एकटाच होता. हात थरथरत होता, चमच्यातलं सूप तोंडापर्यंत पोचत नव्हतं. तुम्ही त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसलात, वाटी त्याच्या जवळ सरकवलीत, पाव मोडून त्यात बुडवून दिलात, आणि चक्क आपल्या मराठीत म्हणालात, काका, सावकाश, घाई नाही. गार झालं तर दुसरं आणू. घरी कोण कोण आहे? आज एकटेच आलात? त्याला एक अक्षर कळलं नसणार. तरी तो बोलायला लागला, आणि तुम्ही ऐकत होतात. हनुवटीखाली हात धरून, त्याच्या तोंडाकडे बघत. दाराकडे एकदासुद्धा बघितलं नाहीत. तुमचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. शिंपी मला नेहमी सांगायचा, वहिनी, मालकांनी आज काय हसवलं, मालकांनी आज माझं सगळं ऐकून घेतलं. ब्लाऊज शिवायला टाकायला गेले की तुमचे विनोद मला त्याच्याकडून कळायचे. मला वाटायचं, गिऱ्हाईक आहे, वाढवून सांगतोय. तो वाढवून सांगत नव्हता. मी तिथे बसून रडले, अहो. तोंडात घास होता, तसाच ठेवून रडले. मग तुम्ही परत येऊन समोर बसलात. मी विचारलं, काय म्हणत होते ते? तुम्ही म्हणालात, काही नाही, आपलं असंच. आणि दाराकडे बघायला लागलात.

त्याच संध्याकाळी तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की आता बास, खानावळ त्या बेकरीवाल्याला देऊन टाकतो. हिने जन्मभर पाठ धरली होती, आता दोघं मिळून बसून जेवू. चिमीने टाळ्या वाजवल्या. मीही हसले. पाठ धरली होती हे खरंच आहे, किती वर्षं भांडले त्यापायी. आणि ज्या दिवशी मागितलं ते पदरात पडलं, त्या दिवशी मला ते नकोसं झालं.

परत आल्यापासून दुपारी गिऱ्हाईक आटोपलं की तुम्ही घरी जेवायला येता. सवय लावून घेतो म्हणता. मी बघते, तुम्ही मुद्दाम हळू खाता. घास तोंडात घोळवत बसता, मधेच पाणी पिता, माझं ताट किती राहिलंय ते चोरून बघता. एवढं माझ्यासाठी करता, याने मला बरंही वाटतं आणि रडूही येतं. काल तुम्ही विषय काढायचा म्हणून म्हणालात, आज ऊन आहे. मी म्हटलं, हो, आहे. पुढे दोघांनाही सुचेना. तुम्ही आलात म्हणून मी रेडिओ बंद केला होता. त्या शांततेत मला वाटलं, रविवारनंतर रोज हेच. आपण दोघं, मधे दोन ताटं. आणि बोलणारा जो माणूस आहे तो किल्ल्यांबरोबर बेकरीवाल्याकडे जाणार, माझ्या वाट्याला येणार तो दाराकडे बघणारा. माझं काही चुकत असेल तर सांगा, पण मला हे सोसणार नाही. एकटीने जेवायची मला सवय आहे. दोघांत एकटीने जेवायची नाही.

म्हणून हा कागद. किल्ल्या देऊ नका. बेकरीवाल्याला मी सांगते हवं तर, मला वाईटपणा घ्यायची सवय आहे. तुमचे गुडघे दुखतात, कबूल. चुलीपुढे माणूस ठेवा, तुम्ही नुसती आल्यागेल्याची विचारपूस करा. पण खानावळ राहू दे, माझ्यासाठी राहू दे. कारण उद्यापासून दुपारी मी तिथे जेवायला येणार आहे. मला दारात बघून घाबरू नका. आजवर मी तिथे दोनदाच आले, एकदा मामंजी गेल्याचं सांगायला, एकदा चिमी जिन्यावरून पडली तेव्हा. दोन्ही वेळा तुमच्या हातातलं ताट खाली पडलं होतं. या वेळी घरी सगळं ठीक आहे, कुणाला काही झालेलं नाही. मला भूक लागलेली असेल, एवढंच. इतर माणसांसारखी मी एखाद्या टेबलावर बसेन. तुमचं जेवण मागाहून उभ्याने होऊ दे, माझी तक्रार नाही. मला फक्त विचारा, काय वाढू, काल झोप लागली का, बहिणीचं काय झालं. मी सगळं सांगेन, खूप साठलंय. घरच्या माणसाशी तुम्हाला बोलता येत नाही, ते राहू दे, या वयात ते यायचंही नाही. म्हणून एवढं करा. मी आत आले की ओळख दाखवू नका. नुसतं बसा म्हणा.

तुमचीच,
'ऐकलंस का'