तुझ्या आजोबांचा प्रचार

चि. मल्लिनाथ यास,

गावाकडून आजी बसम्माचा आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल, म्हैस बी. तुझं पित्त कसं हाय? नांदेडच्या पेपरात तू पुढाऱ्यांची टर उडवतोस, ते मंजुश्री वाचून दाखवती. (हे पत्र बी तुझी बहीणच लिहून राहिली. फोनवर सांगितलं की तू नुसतं 'हूं हूं' करतोस, म्हणून कागद.)

तर बाबा, तुझे आजोबा निवडणुकीच्या प्रचारात उतरलेत. चार वर्षांखाली त्यांना आपल्या लिंगायत रीतीनं बसवून माती दिली, तू स्वतः मूठ टाकलीस. पण झेडपीला उभारलेल्या हणमंतरावानं तुझ्या लग्नाच्या शूटिंगमधून त्यांचा आवाज अन् सप्त्याच्या बॅनरवरून तोंड उचललं, उदगीरला जाऊन त्या एआय का काय मशीनमध्ये घातलं, अन् आता ते घरोघरी फोनमधून हात जोडून राहिलेत. म्हणे, हणमंतराव माझा जिवाचा दोस्त. बांधाच्या भांडणापायी अकरा वर्षं या दोस्ताशी शब्द न्हाई. समोरून आला तर म्हशीशी बोलायचे. शेजारची नागम्मा तर फोन कपाळाला लावून रडली अन् मत कबूल करून बसली. (जिवंतपणी तिला ते दारात उभं करत नव्हते.)

पुढचं ऐक. शेवटाला म्हणतात, "माझी बसम्मा बी हणमंतरावाच्याच पाठीशी हाय." बावन्न वर्षांच्या संसारात या माणसानं माझं नाव घेतलं न्हाई. 'ऐकलं का' एवढंच. लग्नात बायांनी उखाण्याला अडवलं, तर बैलाला पाणी पाजायचं निमित्त काढून गेले, ते जेवायलाच आले.

मी हणमंतरावाच्या दारात जाऊन विचारलं, मेलेल्या माणसाला कुणाच्या इजाजतीनं बोलायला लावलंस? तर म्हणाला, "काकू, ही टेक्नॉलॉजी हाय. मी काकांचा मानच वाढवला." मी म्हटलं, मग तुझ्या बापाचा वाढव की. (बाप बाजूलाच बसला होता. जिता हाय, पण त्याचं कुणी ऐकत न्हाई.)

गाव म्हणून राहिलं, बसम्मा फुटली. तू पेपरात खरमरीत लिही, अन् मतदानाच्या आत हे बंद पाड. माणूस गेला तरी त्याचा शब्द त्याचाच ऱ्हावा.

तुझी आजी
(सहीच्या जागी अंगठा)

ता.क. मंजुश्रीला म्हटलं, हे बारीक अक्षरात लिही. मल्लिनाथ, बंद पाडायच्या आधी आजोबांचा तो व्हिडिओ माझ्या फोनात उतरवून दे. हणमंतरावाचं काप, माझ्या नावाचं तेवढं ऱ्हाऊ दे.

आणखी ता.क. पेपरात लिहायची घाई करू नको. आधी हणमंतरावाला विचार, त्यात 'बसम्मा, आज गव्हाच्या खिरीची हुग्गी बरी झाली' एवढं बसवता येतंय का. येत असेल, तर मताचं बघू.