भाचीचं नाव मारा

रविवार, संध्याकाळ

आज भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. नाव मीच सुचवलं होतं, मारा. बायबलमध्ये त्याचा अर्थ कडू.

"किती गोड नाव हाय, ताई," भावजय म्हणाली होती. मी अर्थ सांगितला नाही. कायले सांगू? भावानं यवतमाळात मायची माती उरकली आणि मग मला बाभुळगावला फोन केला. मायचं तोंडही पाहू दिलं नाही.

पाळकांनी विचारलं, "अर्थ माहीत आहे ना?"

भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, "माहीत हाय. ताईचा राग हाय माह्यावर. ठेवा तेच."

माफी मात्र मागितली नाही. मायचं तोंड... मी तेव्हाही हे नाव थांबवू शकले असते. डोक्यावर पाणी पडताच पोर रडली. सगळ्यांच्या आधी मीच 'आमेन' म्हणाले.